दवाखान्याची ओटी

आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात. माझे मामाजी क्षयाच्या दुखण्यानं गेले, आणि त्यांनी जायला नको होतं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. ज्यांच्यासाठी तोंड बंद ठेवलं ते माझे मालकही आता राहिले नाहीत, म्हणून लिहायला बसले.

मामाजी बोरीकडच्या एका खेड्यातले. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. सगळा जीव मेंढरांत. माझं माहेर चुडाव्याचं, घरातून रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. लग्न ठरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया म्हणाल्या होत्या, रेल्वेच्या गावची पोरगी मेंढराच्या वासात कशी नांदायची. नांदले. पण फार दिवस नाही, कारण मालकांना सूतगिरणीत काम लागलं आणि आम्ही गिरणीच्या गावी पत्र्याच्या खोल्यांच्या चाळीत राहायला आलो. सासूबाई वारल्या आणि मग मामाजींना खोकला धरला. तो जाईना. ताप यायचा, अंग उतरत चाललं. शेवटी मालक जाऊन त्यांना घेऊन आले. मेंढरं भावकीतल्या एकाला देऊन टाकली होती. मामाजी येताना एक काठी आणि एक घोंगडं घेऊन आले आणि खोलीच्या दाराशी असे बसले की पाहुणा कोण आणि घरधनी कोण हे विचारायची सोय नव्हती.

मी त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं. आमच्यात सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, पदर कपाळाच्या खाली आणि आवाज दाराच्या आत. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या तोंडून निरोप जायचा. नंतर मी पोराला सांगायचे, आजोबाला म्हण जेवाय वाढलंय. पोरगं दोन वर्षांचं, त्याला म्हणता कुठं येतंय. पोरगं झोपलेलं असलं तर मी भिंतीला सांगायचे, भाकरी झाल्यात म्हणावं. मामाजी उठून हात धुवायचे. त्यांनाही माझ्याशी काही बोलायचं असलं तर ते पोराकडं बघून बोलायचे. असं आमचं दोघांचं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात त्यांना पहिल्यांदा नेलं तेव्हा ते डॉक्टरांपुढं स्टुलावर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. काय होतंय, डॉक्टरांनी विचारलं. मामाजी गप्प. मालकांना वाटलं बुजले असतील. डॉक्टर तरुण होते, त्यांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली, डबीत थुंकी घेतली, परभणीला छातीचा फोटो काढायला पाठवलं. चार-आठ दिवसांनी निदान झालं. घरी आल्यावर मामाजी पोराला म्हणाले, डाक्टर पक्का हाय, न सांगता वळखलं. तेव्हा मला त्यांच्या गप्प बसण्याचं कोडं उलगडलं. मेंढरू आपलं दुखणं बोलून दाखवत नाही. मेंढपाळ त्याची चाल बघतो, डोळा बघतो, लेंडी बघतो आणि ओळखतो. मामाजींनी आयुष्यभर हेच केलं होतं. रोग्यानं स्वतःच सांगायचं तर मग वैद्य कशाला, असं त्यांचं मत होतं, आणि एकदा मत झालं की ते मत काठीनंसुद्धा हलत नसे.

मग रोजचं इंजेक्शन सुरू झालं. दवाखान्याच्या आवारात एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली क्षयवाल्यांची वेगळी रांग बसायची. रांगेत सगळ्या वस्त्यांतली माणसं. मामाजी पहिले काही दिवस झाडापासून लांब, भिंतीच्या सावलीला एकटे बसले. मी पोराला घेऊन आणखी मागं. पुढं ऊन भिंतीवरून सरकलं आणि मामाजीही सरकत सरकत लिंबाखाली आले. त्यांच्या शेजारी बौद्धवाड्यातला एक म्हातारा बसायचा, त्यालाही तेच इंजेक्शन. त्या इंजेक्शनानं दोघांच्याही कानात गुणगुण व्हायची. एकजण दुसऱ्याला विचारायचा, आज किती वाजायलेत? दुसरा म्हणायचा, बँड लागलाय. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. मधूनच बंद पुकारला जायचा, एस.टी. थांबायच्या, दुकानांच्या फळ्या पडायच्या, चाळीतली माणसं हलक्या आवाजात बोलायची. अशा एका बंदच्या दिवशी मालक म्हणाले, आज जाऊ नका. मामाजी काठी घेऊन निघाले. परत आले तेव्हा पोराला म्हणाले, आज आमी दोघंच व्हतो रांगेत. दोघं कोण ते मला न सांगता कळलं.

तिथली सिस्टर कडक होती. इंजेक्शनं संपली आणि गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिनं मामाजींना दम भरला होता, दीड वर्ष गोळ्या, एक दिवस खाडा करायचा नाही, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. मामाजींना तिचा दम आवडला. बाई खरी हाय, असं ते म्हणायचे. गोळ्या दर महिन्याला मिळायच्या. मी भाकरीबरोबर ताटात गोळी ठेवायचे, ते आधी गोळी घ्यायचे मग भाकरी मोडायचे. हळूहळू खोकला गेला. चेहऱ्यावर तेज आलं. ते पोराला खांद्यावर घेऊन नाल्यापर्यंत जायला लागले. आमचं म्हातारं माणूस वाचलं, असं मी माहेरी कळवलंसुद्धा.

आणि मग गिरणीनं विमा काढला.

मालक कामावर कायम झाले होते. एके दिवशी चेअरमन साहेबांनी गेटवर सभा घेतली, पेढे वाटले आणि सांगितलं की इथून पुढं कामगाराचं, त्याच्या बायकापोरांचं आणि आईवडलांचं दुखणं गिरणी बघणार. गावातल्या एका खाजगी डॉक्टरांचा मोठा दवाखाना गिरणीनं ठरवून दिला होता. मालक पेढा खिशात घालून पळत घरी आले. पेढा पार चेपला होता. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं, लग्नात पण नाही. ते आबांच्या पायाशी बसले. आबा म्हणजे मामाजी. म्हणाले, आबा, आता तुमाला उन्हात रांगेत बसायचं काम न्हाई, मपल्या गिरणीचा दवाखाना हाय. मेंढपाळाचं पोरगं बापाला पंख्याखाली बसवून औषध देणार होतं. गरिबाला याहून मोठं काय हवं असतं? मलासुद्धा छाती भरून आल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

कार्डासाठी सगळ्यांचा फोटो काढायचा होता. फोटोवाला मला म्हणाला, बाई, पदर वर घ्या, नुसत्या पदराचा फोटो चालत नाही. मामाजी शेजारीच खुर्चीवर. मी काही पदर वर घेईना. शेवटी मामाजींनी मान दुसरीकडं वळवली, तेवढ्यात मी तोंड उघडं केलं आणि त्यानं बटण दाबलं. त्यामुळं कार्डावर मी समोर बघते आहे आणि मामाजींचा नुसता कान आला आहे. टाइम ऑफिसातल्या कारकुनानं ते तसंच चालवून घेतलं.

आता खरी गोष्ट इथं आहे. आम्ही सरकारी गोळ्या नुसत्या बंद केल्या असत्या तर दवाखान्यानं आम्हाला शोधून काढलं असतं. औषध अर्धवट सोडणाऱ्याच्या घरी पोस्टकार्ड यायचं, नाहीतर सायकलवरून माणूस यायचा. आमच्या चाळीतल्या एकाला तर सिस्टर स्वतः येऊन सगळ्यांदेखत झापून गेली होती. पण मामाजी असं चोरासारखं निघून जाणारे नव्हते. ते मालकांना म्हणाले, एका पंगतीत पान मांडलं की दुसऱ्या पंगतीतलं उचलावं. आपल्याला गिरणी द्यायली, मंग सरकारचं आपण कामून खायाचं? मपल्या जागी दुसरा गरीब बसंल. आणि ज्या घरी इतके दिवस खाल्लं तिथून उठताना मान राखून उठावं.

मालकांना ते पटलं. मलाही पटलं. गोळ्या बंद होतील असं आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. एका दुकानातून किराणा घ्यायचा सोडला तर माणूस उपाशी राहत नाही, दुसऱ्या दुकानातून घेतो, तशी आमची समजूत. नवा डॉक्टर मोठा, म्हणजे त्याच्या गोळ्याही मोठ्या असतील, एवढंच.

दवाखान्याला काय द्यायचं यावर घरात विचार झाला. पुरुषाला टॉवेल-टोपी देतात, बाईची ओटी भरतात. सिस्टर बाई, तेव्हा ओटी. ती मामाजी भरू शकत नव्हते, म्हणून मला जायचं होतं. मी नवी साडी नेसले. खण, नारळ, गहू, हळदीकुंकवाची कुयरी असं ताटात घेतलं, वर रुमाल झाकला. पोराचं बोट धरून मामाजी पुढं, मी मागं. बाजाराचा दिवस होता, आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीपाशी गेलो तर आमची सिस्टर नव्हतीच. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली होती, तिच्या जागी दुसरी आलेली. मी घुटमळले. मामाजी पोराला म्हणाले, आहेर खुर्चीला असतो, माणसाला न्हाई.

नवी सिस्टर हसून उठली. बरे झालेले रोगी औषध पुरं करून जाताना असंच काहीबाही आणायचे, तिनं दुसऱ्या दवाखान्यांत ते पाहिलं असणार. तिनं पदर पुढं केला, मी कुंकू लावून ओटी भरली, मामाजींनी आपलं कार्ड दोन्ही हातांनी तिच्यापुढं ठेवलं आणि नमस्कार केला. तिनं कार्ड न वाचताच औषध पुरं झालेल्यांच्या गठ्ठ्यावर टाकलं. मागून माणसं रेटत होती.

"बरं झालं हो मामा," ती म्हणाली. "आता पुन्हा इकडं यायची पाळी येऊ नये."

कुठल्याही दवाखान्यात असंच म्हणतात. तिचं काय चुकलं? तिला वाटलं औषध पुरं झालं. मामाजींना वाटलं रजा मिळाली. लिंबाखाली तो बौद्धवाड्यातला म्हातारा बसला होता, मामाजी त्याच्यापाशी थांबले, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, नशीब काढलं पोरानं. आम्ही घरी आलो. त्या दिवशी मी पुरणपोळी केली होती.

दुसऱ्या आठवड्यात मालक मामाजींना गिरणीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. फरशी, पंखा, बसायला बाकं, बाकांना गादी. मालकांची पाळी सुरू व्हायची होती म्हणून ते मामाजींना बसवून कामावर गेले. मामाजी डॉक्टरांपुढं बसले आणि त्यांनी जे आधी केलं तेच केलं. गप्प राहिले. ओळख म्हणावं. डॉक्टरांना समोर दिसला तब्येतीनं सुधारलेला, न खोकणारा एक म्हातारा, काही तक्रार न सांगणारा. त्यांनी अशक्तपणा ठरवला. लाल टॉनिकची बाटली दिली, ताकदीचं इंजेक्शन दिलं. मामाजी घरी येऊन पोराला म्हणाले, ह्यो डाक्टर बी चांगला हाय, गोड औषध देतो.

मी ताटात आता बाटलीचं झाकण भरून ठेवायला लागले. गोळ्या कुठं आहेत हे मी मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, मोठा डाक्टर हाय, त्याला कळत न्हाई का? मला तेवढ्यानं पटलं. मी सातवी शिकलेली, टॉनिक लाल आणि काचेच्या बाटलीतलं, सरकारी गोळी पांढरी आणि कागदाच्या पुडीतली. कुठलं औषध भारी वाटणार?

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत खोकला परत आला. मामाजी तो दाबायचे. बाहेर जाऊन, नाल्याकडं तोंड करून खोकायचे आणि डोळे पुसत यायचे. लेकाला समजलं तर त्याचं तोंड उतरंल, अशी त्यांची समजूत. एकदा पाण्याच्या बादलीपाशी रक्त पडलेलं मला दिसलं. मी मालकांना गेटवर निरोप धाडला. त्यांनी हाताला धरूनच मामाजींना त्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि भरती केलं. आठ-दहा दिवस सलाईन चालली, छातीचा फोटो निघाला, आणि तेव्हा डॉक्टरांना कळलं. ते रागावले. आधी का बोलला नाहीत म्हणाले.

पुढं काय झालं ते मालकांनी मला दारात उभं राहून सांगितलं, घरात येऊनसुद्धा नाही. विमा कंपनीनं हात वर केले होते. जुनं दुखणं विम्यात बसत नाही. कारकुनानं माफी मागितल्यासारखं सांगितलं, डॉक्टरांनीही नीटच सांगितलं की हा आजार लांबणारा आहे, इथं ठेवून उपयोग नाही, सरकारी दवाखान्यात न्या, तिथं याचं औषध फुकट मिळतं. मालक एवढंच म्हणाले, सरकारीत जा म्हणतेत. मग मोरीत गेले आणि उगाच तांब्यावर तांब्या पाणी ओतत राहिले.

मामाजी मात्र हटून बसले. सरकारी दवाखान्यात जाणार नाही. मालकांनी समजावलं, चाळीतल्या चार माणसांनी समजावलं. त्यांचं एकच म्हणणं. वाजतगाजत उठलेला माणूस उष्ट्या पत्रावळीवर परत बसत न्हाई. मी मरंल पण त्या खिडकीपुढं त्वांड घेऊन जाणार न्हाई. रोज सकाळी मालक कामावर जाताना विचारायचे, रोज तेच उत्तर. मालकांचा चेहरा रोज थोडा थोडा काळा पडत गेला. मामाजींच्या गालाची हाडं वर आली. रात्री खोकल्यानं पोरगं दचकून उठायचं.

एक दिवस दुपारी मी भाकरी वाढली. ते उठले, उठता उठता भिंतीला धरलं आणि तिथंच खाली बसले. त्यांच्याच्यानं हात धुवायला जाववेना. मला काय झालं कुणास ठाऊक. दया आली असती तर मी पाण्याचा तांब्या पुढं केला असता. मला दया आली नाही, संताप आला. एवढा संताप मला पुन्हा कधी आला नाही. मी पदर मागं टाकला आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"उठा," मी म्हटलं. "एखादं मेंढरू असं बसलं असतं तर तुमी त्याला खांद्यावर घालून नेलं असतं. मेंढराला लाज इचारली असती का? चला, मी न्यायले तुमाला."

त्यांनी मान वर करून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझं तोंड धड पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता काठी उचलतील. त्यांनी हात पुढं केला. मी त्यांना उठवलं. पोराला शेजारणीकडं टाकून आम्ही निघालो. वाटेत चार वेळा बसावं लागलं. पदर मात्र मी परत खाली ओढला नाही.

आमची जुनी सिस्टर रजेवरून परत आली होती. तिनं मामाजींना ओळखलं, धावत बाहेर आली, हाताला धरून आत नेलं. कोणी काही टाकून बोललं नाही. ज्या लाजेपायी त्यांनी इतके दिवस घालवले ती तिथं कुणाला दिसलीसुद्धा नाही. तिनं जुनं कार्ड शोधून काढलं आणि त्यावरचे महिने बोटानं मोजले. मग डॉक्टरांकडं गेली.

डॉक्टर आम्हाला दोघांना समोर बसवून बोलले. चांगला माणूस. ते म्हणाले, बाबा, थोडेच महिने राहिले होते. तेवढ्या गोळ्या पुऱ्या केल्या असत्या तर हा आजार परत आला नसता. मध्येच सोडलं की आतला रोग औषधाला सरावतो, मग तेच औषध पहिल्यासारखं लागू पडत नाही. आता पुन्हा इंजेक्शन सुरू करू, करता येईल ते सगळं करू. आणखी मोठं औषध हवं तर औरंगाबादला जावं लागेल. मामाजींनी नीट ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, म्हणजे तवा रांगेत बसून राह्यलो असतो तर? डॉक्टरांनी होकाराची मान हलवली.

बाहेर आल्यावर ते लिंबाखाली बसले. तिथं तो बौद्धवाड्यातला म्हातारा नव्हता. त्याचं औषध पुरं होऊन तो कामाला लागला होता असं रांगेतल्या एका बाईनं सांगितलं. मामाजी हसले, बरं झालं म्हणाले. मग ते माझ्याशी बोलले. पोरगं बरोबर नव्हतं, भिंत नव्हती, ते माझ्याकडंच बघून बोलले.

"माय, डाक्टर काय बोलला ते तुमच्या मालकाला सांगू नका. त्याला त्या गिरणीत रोज जायाचं हाय. पेढा घेऊन पळत आला व्हता त्यो."

सुनेला माय म्हणाले. मी हो म्हटलं.

औरंगाबादला एकदा नेलं, तिथल्या गोळ्यांनी पुन्हा थोडी उभारी आली, पण ती फार टिकली नाही. गिरणीचं कार्ड डब्यात होतं. मालक पाळी करून यायचे, बापाचे पाय चेपायचे आणि म्हणायचे, आबा, हा रोगच चिवट हाय. मामाजी म्हणायचे, हाव, रोगच चिवट. मी चुलीपुढं बसून ऐकायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला मामाजी गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. त्यांना गावी नेऊन माती दिली. भावकीतल्या ज्या माणसाला मेंढरं दिली होती, तो कळप घेऊन वाटेवर थांबला होता.

पुढं गिरणी बंद पडली, विमाही तिच्याबरोबर गेला. मालकांनी कुठं कुठं कामं केली, पोरं शिकवली. पण चार माणसांत बसले की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, आबाला म्या पंख्याखाली ठेवलं, मोठ्या डाक्टरकडं नेलं, काही कमी पडू दिलं न्हाई. पाहुणे माना हलवायचे. मीही चहाच्या कपबशा उचलत मान हलवायचे. कधी वाटायचं ओरडून सांगावं. भांडणात तर जिभेवर यायचं, कारण भांडणात माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण लिंबाखालचा तो 'माय' आठवला की मी गप्प व्हायचे. मामाजींवर मला फार राग यायचा. मरताना माणसानं असं ओझं सुनेच्या डोक्यावर द्यावं का?

मालकांचं शेवटचं दुखणं गेल्या साली झालं. पोटाचं होतं. थोरल्यानं त्याच्या कंपनीच्या विम्यातून सगळं केलं, मोठ्या शहरात नेलं, पण डॉक्टरांनीच घरी घेऊन जा म्हटलं. एका संध्याकाळी मी त्यांना तांदळाची पेज भरवत होते. त्यांनी दोन चमचे घेतले आणि हात आडवा धरला.

"आबा जगले असते," ते म्हणाले. "सरकारी गोळ्या तेवढ्या पुऱ्या झाल्या असत्या तर जगले असते. म्या डाक्टरला इचारलं व्हतं, त्याच वक्ताला."

मला वाटलं भ्रमात बोलायलेत. पण डोळे स्वच्छ होते.

"मंग मला कामून बोलले न्हाईत?" मी विचारलं.

"आबा म्हणले, सुनंला कळू देऊ नको. तिनं मपल्यासाठी लय केलं, तिच्या मनाला लागंल."

मी वाटी खाली ठेवली. डॉक्टर बोलले तेव्हा मी शेजारीच बसले होते, हे मामाजींनी त्यांना सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस चार माणसांत ते वाक्य कुणासाठी बोलत होता ते मला तेव्हा कळलं. तो मला ऐकवत होता. मला रडू आलं, आणि राग आला, आणि कुणावर काढावा ते समजेना.

"एवढी वर्षं मनात ठेवलंत?" मी म्हटलं. "कुणालाच बोलला न्हाईत?"



"तू बोललीस का?" ते म्हणाले.